निर्मनुष्य समुद्राची रोजनिशी

८ नोव्हेंबर १८८८ रोजी 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छमधल्या मांडवी बंदरातून मुंबईला निघाली. बोटीवर विजेचे दिवे होते, त्या काळी ते अप्रूपच. म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. मुंबईपर्यंतचा प्रवास तीसेक तासांचा. द्वारकेला थांबून, उतारू घेऊन बोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याने पुढे सरकली आणि त्यानंतर मुंबईला पोचलीच नाही. अरबी समुद्रात चक्रीवादळ उठले होते. सातशेहून अधिक माणसे बोटीवर होती. एक फळी हाती लागली नाही, एक प्रेत किनाऱ्याला लागले नाही. त्या रात्री वारा कुठून वाहत होता, लाटा किती उंच होत्या, वायुदाब किती उतरला होता, हे सांगू शकणारे सगळे बोटीबरोबरच गेले.

समुद्रावरच्या हवामानाचा इतिहास लिहिताना ही अडचण सुरुवातीपासूनच आडवी येते. 'सायक्लोन' हा शब्द घडवला तो कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टनने, १८४८ साली. तो काही हवामान खात्याचा अधिकारी नव्हता, तसे खातेच तेव्हा नव्हते. वादळातून वाचून आलेल्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवायच्या, दर तासाची वाऱ्याची दिशा नकाशावर मांडायची आणि वादळ कसे फिरले असेल ते ताडायचे, हे काम तो वर्षानुवर्षे करत राहिला. बंगालच्या उपसागरातले वादळी वारे सापाच्या वेटोळ्यासारखे फिरतात हे त्याने अशा वह्यांतूनच ओळखले. पण वह्या बंदरात परत आल्या त्या वाचलेल्या जहाजांच्याच. वादळाच्या ऐन पोटात सापडलेल्या जहाजाची वही जहाजाबरोबर तळाशी जायची.

पुढे बिनतारी संदेश आला, जहाजे भर समुद्रातून हवामान कळवू लागली. त्यातून वादळाचे इशारे सुधारले. आणि इशारे सुधारले तशी जहाजे वादळाची वाट टाळू लागली. कप्तानाने तेच करायला हवे. पण जिथली नोंद सर्वांत जास्त हवी, तिथे नोंद घ्यायला कोणी उरेना.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. जूनच्या पहिल्या तारखेला मासेमारीची बंदी लागते. होड्या वाळूवर ओढून घेतल्या जातात, त्यांवर झापांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर चढते आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याकडे फक्त पाहायचे. महाराष्ट्राचा बराचसा पाऊस याच महिन्यांत त्या रिकाम्या समुद्रावरून चालत येतो. सोमालियाच्या किनाऱ्यापासून सुटलेला जोरकस वारा अरबी समुद्र ओलांडताना पाणी उचलतो आणि सह्याद्रीला येऊन धडकतो. म्हणजे पावसाची सगळी जुळवाजुळव चालते ती आपण समुद्राकडे पाठ फिरवून घरात बसलेलो असताना.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उत्तर अटलांटिकमध्ये हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी ठराविक जागी कायम जहाजे उभी ठेवण्याची पद्धत सुरू झाली. ती प्रचंड खर्चिक होती. हिंदी महासागराच्या वाट्याला तसे काही आले नाही. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची चाळीसहून अधिक जहाजे इथे फिरून गेली. त्या मोहिमेच्या पाठोपाठ, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा जन्म झाला, आणि गोव्यात दोना पावलाला आज तिचे मुख्यालय आहे. १९७९ साली मान्सूनच्या अभ्यासासाठी 'मोनेक्स' मोहीम झाली, तेव्हाही जहाजे आली, विमाने आली. पण मोहीम संपते, जहाज परत जाते. समुद्राला नुसती भेट देऊन भागत नाही, तिथे वस्तीच करावी लागते, हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येत होते.

ते ठळकपणे पटले मात्र दुसऱ्याच महासागरात, आणि एका मोठ्या चुकीतून.

१९८२ च्या मार्च-एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याची धूळ आणि वायू वातावरणात इतके वर गेले की समुद्राचे तापमान वरून मोजणारे उपग्रह फसले, त्यांना पाणी खरे होते त्यापेक्षा थंड दिसू लागले. त्याच महिन्यांत प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात पाणी झपाट्याने तापत होते. काही जहाजांनी तसे कळवलेही. पण ते आकडे नेहमीच्या मानाने इतके वेगळे होते की तपासणीत चुकीचे म्हणून बाजूला पडले. ऑक्टोबर १९८२ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला तज्ज्ञ जमले, तेव्हाही शतकातला एक सर्वांत जोरदार एल निनो ऐन भरात असल्याची खात्री कोणाला नव्हती. पेरूत महापूर, ऑस्ट्रेलियात दुष्काळ आणि वणवे, भारतात त्या वर्षी तुटीचा मान्सून असे सगळे घडून गेले आणि मग चित्र जुळले. आकडे अगदी नव्हतेच असे नाही. पण त्यांवर विश्वास ठेवायला शेजारी दुसरा आकडा नव्हता.

सिएटलच्या पॅसिफिक मरीन एन्व्हायर्नमेंटल लॅबोरेटरीत स्टॅनली हेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला तो स्वस्त आणि टिकाऊ बोयाचा. गाडीच्या फुगवलेल्या ट्यूबसारखे फायबरग्लासचे एक मोठे कडे, व्यास २.३ मीटर. त्यावर मनोरा, मनोऱ्यावर वारा, हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजणारी उपकरणे. खाली पाण्यात ५०० मीटरपर्यंत उतरलेल्या तारेवर ठिकठिकाणी तापमापक. त्याखाली नायलॉनचा दोर थेट तळापर्यंत, आणि तळाशी नांगर म्हणून रेल्वेची भंगारात निघालेली चाके. दिवसभराचे आकडे उपग्रहामार्फत जमिनीवर यायचे. 'अ‍ॅटलास' नावाचा हा बोया १९८४ पासून पाण्यात उतरू लागला आणि १९९४ च्या डिसेंबरात प्रशांत महासागरावर सुमारे सत्तर बोयांची रांग पुरी झाली. हेझ १९९२ सालीच गेले होते. त्यांचे काम मायकल मॅकफाडेन यांनी पुढे नेले. १९९७ चा एल निनो आला तेव्हा पाण्याखालून सरकणारी ऊब जग रोजच्या रोज पाहत होते.

बोया समुद्रात ठेवणे म्हणजे नेमके काय, हे जरा जवळून पाहायला हवे. चार हजार मीटर खोल पाण्यात एक वस्तू वर्षभर एकाच जागी उभी ठेवायची आहे. दोर फार ताणून बांधला तर मोठ्या लाटेत बोया पाण्याखाली ओढला जाईल किंवा दोर तुटेल. फार सैल सोडला तर तो तळावर घासून झिजेल किंवा स्वतःभोवतीच गुंतेल. म्हणून खवळत्या समुद्रासाठी दोर खोलीपेक्षा लांब घेतात आणि तो वेगवेगळ्या धाग्यांचा जोडतात. वर साखळी आणि पोलादी तार, कारण वरच्या थरात मासे चावतात आणि मासेमारीचे गळ अडकतात. मध्ये ताण सोसणारे, रबरासारखे लवणारे नायलॉन. खाली पाण्यापेक्षा हलके पॉलिप्रोपिलीन, म्हणजे सैल पडलेला दोर तळावर न लोळता पाण्यातच वर उचललेला राहतो. लाट आली की वरचा बोया दूर झुकतो, मधला वळसा सरळ होतो, लाट गेली की पुन्हा वळसा पडतो. नांगराला तिचा हिसका बसतच नाही.

बोया उतरवतानाही क्रम उलटा असतो. आधी बोया पाण्यात सोडतात, मग जहाज धिम्या गतीने पुढे जात राहते आणि मागून उपकरणे, तार, दोर असे तासन् तास सुटत जाते. नांगर सगळ्यांत शेवटी. ठरल्या जागेवरून थोडे पुढे गेल्यावर काही टनांचा तो लोखंडी गोळा मागच्या कठड्यावरून ढकलला जातो, आणि मग लांब मागे तरंगणारा बोया अचानक कोणी हात धरून ओढल्यासारखा पाणी कापत धावू लागतो. नांगर तळाला टेकायला अर्धा-पाऊण तास लागतो. तोवर डेकवरचे सगळे त्या पिवळ्या ठिपक्याकडे पाहत उभे असतात.

अरबी समुद्राच्या मान्सूनमध्ये अशी वस्तू तग धरेल का, याची मोठी परीक्षा १९९४ साली झाली. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचे रॉबर्ट वेलर यांच्या चमूने ऑक्टोबरमध्ये 'थॉमस जी. थॉम्पसन' या जहाजावरून ओमानच्या आग्नेयेला, साधारण साडेपंधरा अंश उत्तर आणि साडेएकसष्ट अंश पूर्व या ठिकाणी, तीन मीटर व्यासाचा तबकडीसारखा बोया सोडला. नैऋत्य मोसमी वाऱ्याचा मुख्य झोत वाहतो त्या पट्ट्यातच ही जागा होती. मधे एप्रिलमध्ये एकदा बाहेर काढून पुन्हा उतरवला, ते सोडता ऑक्टोबर १९९५ पर्यंत तो तिथेच होता. त्याने दोन्ही मोसम पाहिले.

त्याने पाहिले ते विलक्षण होते. अरबी समुद्र वर्षातून दोनदा थंड होतो हे आधीपासून ठाऊक होते. हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडा वारा येतो, बाष्पीभवन होते, वरचे पाणी थंड आणि जड होऊन खाली बुडते, म्हणजे समुद्र उष्णता गमावतो. ते सरळच आहे. पण पावसाळ्यात, वारा सर्वांत जोरात असताना, बोयाच्या हिशेबात समुद्राला एकूण उष्णता मिळत होती आणि तरीही पाणी थंड होत होते. वारा पाणी इतके ढवळत होता, प्रवाह इतके हलत होते, की खालचे गार पाणी वर येऊन मिसळत होते. वरवर एकच दिसणारी घटना दोन अगदी वेगळ्या वाटांनी घडते, हे जहाजाच्या चार दिवसांच्या फेरीतून कळले नसते. त्यासाठी भर पावसाळ्यात तिथे कोणीतरी उभे राहायला हवे होते, आणि तो बोया तिथे उभा राहिला.

भारताचा स्वतःचा बोया कार्यक्रम याच सुमारास आकार घेत होता. चेन्नईत १९९३ साली राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयओटी, स्थापन झाली होती आणि नॉर्वेच्या साहाय्याने १९९७ पासून भारताच्या समुद्रात बोये उतरू लागले. काही खोल पाण्यात, काही किनाऱ्याजवळ. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर या कार्यक्रमाकडे निव्वळ विज्ञानाचा प्रकल्प म्हणून पाहणे शक्यच नव्हते.

२००४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपले 'सागरकन्या' हे संशोधन जहाज विषुववृत्तावर गेले आणि प्रशांत महासागरातले ते अ‍ॅटलास बोये तिथे पहिल्यांदा हिंदी महासागरात उतरले. जपानने पूर्वेकडे आधीच सुरुवात केली होती. या सगळ्यातून 'रामा' नावाचे जाळे विणले गेले. आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया या तिन्ही खंडांच्या मान्सूनसाठी ४६ जागा ठरल्या. पश्चिमेकडच्या जागा बरीच वर्षे रिकाम्या राहिल्या, कारण सोमाली चाचांच्या भीतीने तिथे जहाज नेणेच धोक्याचे होते. वादळाला तोंड देणारे यंत्र तयार होते, पण ते तिथवर पोचवायची वाट माणसांनीच अडवली होती.

या जाळ्यातला एक बोया बंगालच्या उपसागरात पंधरा अंश उत्तर, नव्वद अंश पूर्व इथे नुकताच नांगरला होता, तोच २००८ च्या एप्रिलअखेर 'नर्गिस' चक्रीवादळ त्याच्या जवळून गेले. वादळ समुद्रातून किती उष्णता ओढून घेते, पावसाने वरच्या पाण्याचा खारटपणा कसा बदलतो, पाणी थंड किती होते, हे सगळे जागेवरून नोंदले गेले. २ मे रोजी नर्गिस म्यानमारच्या इरावती खोऱ्यात शिरले आणि १ लाख ३० हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. भारताच्या हवामान खात्याचे इशारे म्यानमारला गेले होते. समुद्रातला आकडा कितीही अचूक असला तरी तो खोऱ्यातल्या झोपडीपर्यंत नेण्याचे काम बोया करू शकत नाही. नर्गिसची गोष्ट या वाक्याशिवाय सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पाच वर्षांनी त्याच उपसागरात वेगळे घडले. एनआयओटीत आर. वेंकटेशन यांच्या गटाने २०१० पासून 'ओम्नी' नावाचे नवे बोये उतरवले होते. बंगालच्या उपसागरात सात, अरबी समुद्रात पाच. वर वारा, दाब, पाऊस आणि सूर्यकिरण मोजायचे, खाली ५०० मीटरपर्यंत तापमान आणि खारटपणा. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' वादळ ओडिशाकडे निघाले आणि बीडी-१० हा बोया त्याच्या वाटेतच सापडला. वारा चढत गेला, दाब कोसळत गेला. पाण्यातल्या उपकरणांनी आणखी एक गोष्ट पकडली. वादळ निघून गेल्यावरही समुद्र शांत झाला नव्हता. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी जवळपास दोन दिवसांची एक गिरकी याप्रमाणे, पुढे बराच काळ गोल गोल फिरत राहिले. तळ्यात दगड टाकून माणूस निघून जातो आणि पाणी हलत राहते, तसे.

१२ ऑक्टोबरच्या रात्री फायलिन गोपालपूरजवळ किनाऱ्यावर आले. त्याआधी ओडिशा आणि आंध्रमधून दहा लाखांच्या आसपास माणसे हलवली होती. मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. श्रेय उपग्रहांचे, संगणकांचे, निवारे बांधणाऱ्यांचे, गावोगाव फिरून लोकांना उठवणाऱ्या कार्यकर्त्यांचे आहे. त्या लांबलचक साखळीत पाण्यावर एकट्याने डोलणारी तबकडीही एक कडी होती.

बोया किती सोसू शकतो याचा जगातला एक दाखला ब्रिटन आणि आइसलँड यांच्यामध्ये आहे. तिथल्या के-५ या बोयाने ४ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी १९ मीटर लाट नोंदवली. ही एकट्यादुकट्या लाटेची उंची नव्हे. त्या वेळच्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी १९ मीटर होती, म्हणजे सहामजली इमारती एकामागून एक चालत येत होत्या. जागतिक हवामान संघटनेने २०१६ मध्ये तो बोयाने मोजलेला विक्रम म्हणून मान्य केला. दक्षिणेकडे, न्यूझीलंडच्या कॅम्बेल बेटाजवळ, मे २०१८ मध्ये एका बोयाने २३.८ मीटरची एकच लाट टिपली. तो बोया सौर ऊर्जेवर चालायचा, म्हणून वीज वाचवायला दर तीन तासांत फक्त वीस मिनिटे मोजायचा. उरलेल्या दोन तास चाळीस मिनिटांत तिथून काय गेले, ते कुठेच लिहिलेले नाही.

आपल्या समुद्रात बोयाला वादळापेक्षा जास्त घोर माणसाचा असतो. तरंगत्या वस्तूच्या अंगावर शेवाळ वाढते, त्यावर लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे. काही महिन्यांत बोयाखाली मासळीचा बाजार भरतो. मग होड्या येतात. कोणी बोयालाच दोर बांधून रात्र काढतो, कोणाचे जाळे खालच्या तारेत अडकते आणि जाळे वाचवायला तार कापली जाते, कोणी सौर पट्ट्या काढून नेतो. तार तुटली की बोया वाहत सुटतो आणि ५०० मीटरची उपकरणांची माळ तळाला जाते. एनआयओटीने पुढे काही बोयांवर कॅमेरे बसवले, आणि मच्छीमार गावांत जाऊन, सभा घेऊन, बोयाचे चित्र दाखवून हे काय आहे ते सांगायला सुरुवात केली. तेच बरोबर होते. ज्याच्या होडीसाठी इशारा निघतो त्यालाच ही यंत्रणा आपली वाटली नाही, तर भर समुद्रात तिची राखण कोण करणार?

किनाऱ्याजवळही पहारा आहे. रत्नागिरीसमोर लाटा मोजणारा एक पिवळा गोळा पाण्यावर डोलत असतो, व्यास मीटरभरही नाही. त्याचे आकडे हैदराबादच्या 'इन्कॉइस' या महासागर-माहिती केंद्रात जातात. उंच लाटांचे जे इशारे कोकणातल्या जेट्ट्यांवर पोचतात, ते वर्तवणारी गणिते अशा बोयांच्या नोंदींवर पारखून घेतली जातात.

दर वर्षी, समुद्र जरा निवळला की बोयांच्या देखभालीला जहाज निघते. जुना बोया हुकाने धरून वर घेतात. खालच्या अंगाला हाताएवढे जाड शंखशिंपल्यांचे थर, मनोऱ्यावर पक्ष्यांची विष्ठा, तारेवर गळांच्या ओरखड्यांच्या खुणा. ध्वनीचा इशारा पाठवला की तळाजवळची कडी उघडते, काचेचे पोकळ गोळे उरलेला दोर वर घेऊन येतात आणि नांगर तिथेच राहतो. खरवडणारे खरवडतात, कोणी बॅटऱ्या तपासतो, कोणी वाऱ्याचे नवे चक्र हाताने फिरवून पाहतो. मग नवा बोया पाण्यात, काही किलोमीटर दोर, आणि शेवटी नांगराचा आवाज. बोया धावतो, थबकतो, उभा राहतो. जहाज तिथेच घिरट्या घालत थांबते, जहाजावरचा वायुदाबमापक आणि बोयाकडून उपग्रहामार्फत आलेला पहिला आकडा शेजारी शेजारी लिहून घेतले जातात. दोन्ही जुळले की कप्तान पुढच्या जागेकडे सुकाणू वळवतो, आणि मागे तो पिवळा ठिपका लाटांच्या आड दिसेनासा होतो.